वाटेवर पेलेल असा कॅमेरा

प्रवासासाठी लहान आणि हलका कॅमेरा घेऊ पाहणाऱ्याची पहिली गफलत बहुधा वजन मोजण्यातच होते. दुकानात हातात येते ती नुसती बॉडी, म्हणजे भिंगाशिवायचा कॅमेरा. जाहिरातीत ठळक छापलेला आकडाही तिचाच असतो. दिवसभर खांद्यावर जे वागवायचे असते त्यात मात्र भिंगाचा वाटा पुष्कळदा बॉडीहून मोठा असतो. सोनीने २०२० मध्ये आणलेला ‘ए७सी’ हा कॅमेरा बॅटरी आणि कार्ड धरून ५०९ ग्रॅम भरतो. त्याला २८ ते ६० मिलिमीटरचे १६७ ग्रॅमचे छोटे झूम भिंग लावले तर सगळा संच पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास राहतो, आणि त्याच कॅमेऱ्याला त्याच कंपनीचे २४ ते ७० मिलिमीटरचे, पहिल्या पिढीतले व्यावसायिक भिंग लावले तर ते भिंगच ८८६ ग्रॅमचे असल्याने संच १.४ किलोपर्यंत जातो. कॅमेरा एकच असूनही ओझे दुप्पट होते, आणि म्हणून हलक्या कॅमेऱ्याची निवड भिंगापासून सुरू करणे हाच शहाणपणाचा क्रम होय.

छायाचित्रणाचे सामान हलके करण्याची धडपड फार जुनी आहे. सॅम्युअल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ मध्ये सिमल्याहून हिमालयात जो प्रवास केला, त्यात काचेच्या पट्ट्या, रसायने आणि तंबू वाहण्यासाठी सुमारे ३० हमाल होते, कारण त्या काळच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवणे, ते ओले असतानाच चित्र घेणे आणि लगेच धुणे ही सगळी कामे जागच्या जागी उरकावी लागत. पुढे जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीतला ऑस्कर बार्नाक हा यंत्रज्ञ, ज्याला दम्याचा विकार होता आणि डोंगरात भटकण्याची हौसही होती, काचपट्ट्यांच्या जड कॅमेऱ्याला कंटाळून चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात वापरण्याच्या खटपटीला लागला. चित्रपटाच्या चौकटीची दुप्पट म्हणजे २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट त्याने धरली, आणि त्या विचारातून घडलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. आज ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणून मोठा कॅमेरा समजले जाते, त्याची चौकट नेमकी हीच आहे; एका दमेकऱ्याच्या सोयीसाठी जे माप लहान म्हणून निवडले गेले, तेच शंभर वर्षांनी मोठेपणाचे माप ठरले आहे, ही गोष्ट मापांच्या प्रतिष्ठेत अडकणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतरची मोठी घट २००८ पासून झाली. तोवर प्रचलित असलेल्या डीएसएलआर प्रकारात भिंगातून आलेले दृश्य एका तिरप्या आरशावरून वर परावर्तित होऊन, लोलकातून वळून डोळ्यापर्यंत येत असे, आणि शटर दाबताच तो आरसा वर उचलला जाई. या आरशाला फिरायला जागा हवी म्हणून भिंग बसवण्याची कडी प्रतिमा टिपणाऱ्या सेन्सरपासून बरीच पुढे ठेवावी लागे. कॅननच्या जुन्या ‘ईएफ’ पद्धतीत हे अंतर ४४ मिलिमीटर होते, तर आरसा काढून टाकलेल्या ‘आरएफ’ पद्धतीत ते २० मिलिमीटर आहे. पॅनासॉनिक आणि ऑलिम्पस या कंपन्यांनी २००८ मध्ये ‘मायक्रो फोर थर्ड्स’ ही पद्धत जाहीर केली, आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा ‘जी१’ हा त्या पद्धतीचा पहिला मिररलेस, म्हणजे आरशाविना चालणारा कॅमेरा आला. आरसा गेल्याने बॉडी पातळ झाली. भिंगे मात्र आपोआप लहान झाली नाहीत, आणि त्याचे कारण प्रकाशशास्त्रात आहे.

भिंगाला दोन आकड्यांनी ओळखतात. पहिला आकडा नाभीय अंतराचा. फार दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा भिंगामागे जितक्या अंतरावर पडते ते हे अंतर, आणि ते जितके जास्त तितके दूरचे दृश्य जवळ ओढले जाते. दुसरा आकडा छिद्राचा, ज्याला बोलण्यात अॅपर्चर म्हणतात आणि जो एफ/२.८ किंवा एफ/४ असा लिहितात. नाभीय अंतराला या आकड्याने भागले की प्रकाशाला आत येण्यासाठी मिळणाऱ्या वाटेचा व्यास निघतो. २०० मिलिमीटरच्या भिंगाला एफ/२.८ हे छिद्र हवे असेल तर सुमारे ७१ मिलिमीटर व्यासाची काच लागणारच, मग ते भिंग कोणत्याही कंपनीचे असो. १०० मिलिमीटरच्या भिंगाला तेच छिद्र ३६ मिलिमीटरमध्ये मिळते. व्यास निम्मा झाला की काचेचे क्षेत्रफळ चौथाई होते आणि वजन त्याहूनही झपाट्याने उतरते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याचा सगळा लाभ या हिशेबात आहे.

सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी बसवलेली, प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारी चकती. फुल फ्रेमची चकती ३६ गुणिले २४ मिलिमीटरची, एपीएस-सी प्रकारची साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरची, मायक्रो फोर थर्ड्सची १७.३ गुणिले १३ मिलिमीटरची आणि खिशात मावणाऱ्या बऱ्याच चांगल्या कॅमेऱ्यांतील ‘एक इंची’ म्हणवणारी चकती १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरची असते. या शेवटच्या चकतीची कोणतीही बाजू एक इंच भरत नाही. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यातील काचेच्या नळीचा बाहेरचा व्यास सांगण्याची जी रीत होती तिचे नाव पुढे या चकत्यांना चिकटले, आणि गिऱ्हाइकाची त्याने अजूनही दिशाभूल होते. चकती लहान असली की भिंगाने पाडलेल्या प्रतिमेचा मधलाच भाग टिपला जातो, आणि म्हणून मायक्रो फोर थर्ड्सवर १०० मिलिमीटरचे भिंग फुल फ्रेमवरच्या २०० मिलिमीटरच्या भिंगाइतके दृश्य दाखवते. ऑलिम्पसच्या ४० ते १५० मिलिमीटरच्या साध्या झूम भिंगाचे वजन १९० ग्रॅम आहे आणि त्याचा आवाका फुल फ्रेमच्या ८० ते ३०० मिलिमीटरशी जुळतो, तर सोनीचे फुल फ्रेमसाठीचे ७० ते ३०० मिलिमीटरचे भिंग ८५४ ग्रॅमचे आहे.

मात्र या तुलनेची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मायक्रो फोर थर्ड्सच्या चकतीचे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या साधारण चौथाई आहे, त्यामुळे छिद्र आणि शटरचा वेग सारखा ठेवला तर तिच्यावर एकूण प्रकाशही चौथाईच पडतो आणि अंधाऱ्या जागी चित्रात रवाळपणा लवकर दिसू लागतो. लहान चकतीवरचे एफ/२.८ हे, एकूण प्रकाश आणि चित्राची खोली यांच्या दृष्टीने, फुल फ्रेमवरच्या एफ/५.६ च्या बरोबरीचे असते. खोली म्हणजे समोरच्या वस्तूपासून मागच्या वस्तूपर्यंत चित्राचा जेवढा पट्टा सुस्पष्ट दिसतो तो. हा हिशेब मांडला की एक अनपेक्षित गोष्ट उघड होते: ओएम सिस्टिमचा मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीचा ‘ओएम-५’ आणि त्याचे १२ ते ४० मिलिमीटरचे एफ/२.८ भिंग मिळून सुमारे ८०० ग्रॅम होतात, आणि आरंभी सांगितलेला फुल फ्रेमचा छोटा संच, ज्याचे छिद्र लांबच्या टोकाला एफ/५.६ आहे, त्याहून हलका भरतो. लहान चकती म्हणजे हमखास हलका संच असे समीकरण म्हणूनच खरे नाही. तिचा निर्विवाद फायदा दूरचे दृश्य ओढणाऱ्या भिंगांत आहे, आणि कोकणकड्यासारख्या ठिकाणी पायाजवळचे गवत आणि दरीपलीकडची डोंगररांग एकाच चित्रात स्पष्ट हवी असते तेव्हाही आहे, कारण अशा वेळी अधिक खोली हा दोष राहत नाही.

गरज नेमकी काय आहे हे ठरवायला अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्याइतकी चांगली परीक्षा नाही. तेथील पद्मपाणीच्या चित्रासमोर प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो, रंगांना इजा पोचू नये म्हणून फ्लॅशला मनाई आहे, आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिपाईसाठी वेगळी परवानगी लागते. समजा, एफ/१.८ छिद्राच्या भिंगाने एक अष्टमांश सेकंद शटर उघडे ठेवून पुरेसा प्रकाश मिळतो आहे. बहुतेक कॅमेऱ्यांबरोबर मिळणाऱ्या साध्या झूम भिंगाचे छिद्र लांबच्या टोकाला एफ/५.६ असते, आणि त्यातून येणारा प्रकाश एफ/१.८ च्या जवळजवळ एक दशांश असल्याने तेच चित्र घ्यायला एक सेकंदाहून अधिक वेळ लागेल. इतका वेळ हात स्थिर राहत नाही. येथे ऑलिम्पसचे १७ मिलिमीटरचे, तशाच मोठ्या छिद्राचे १२० ग्रॅमचे भिंग किलोभराच्या झूमपेक्षा अधिक कामाचे ठरते, विशेषतः बॉडीत कंपनरोधक असेल तर. कंपनरोधक म्हणजे हाताची थरथर ओळखून सेन्सरलाच उलट दिशेने किंचित सरकवणारी योजना; भिंत हलत नाही म्हणून ती अशा ठिकाणी पुरेपूर उपयोगी पडते. लेण्यातून बाहेर पडणाऱ्या कित्येकांच्या कॅमेऱ्यात पद्मपाणीच्या नुसत्या धूसर छाया असतात, आणि एवढ्या लांब येऊन असे व्हावे याची खरोखर हळहळ वाटते.

याच्या अगदी उलट परीक्षा आषाढी वारीच्या रिंगणाची. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत चाललेल्या रिंगणात अश्व दौडू लागतो तेव्हा कंपनरोधकाचा उपयोग होत नाही, कारण हलतो आहे तो घोडा, छायाचित्रकाराचा हात नव्हे; तेथे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नेणे, आणि गर्दीमुळे पुढे सरकता येत नसल्याने लांबचे भिंग असणे, या दोनच गोष्टी कामी येतात. दिवसाच्या उजेडात १९० ग्रॅमचे ते साधे झूम याला पुरते. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट दिंडीबरोबर चालणाऱ्याच्या दृष्टीने सव्वातीन किलोचा संच, म्हणजे जुना व्यावसायिक डीएसएलआर आणि त्याची दोन एफ/२.८ झूम भिंगे, आणि सातशे ग्रॅमचा संच यांतला फरक किती हे तिसऱ्या-चौथ्या मुक्कामाला कळते. कारण जड कॅमेरा हळूहळू गळ्यातून पिशवीत आणि पिशवीतून सामानाच्या ट्रकमध्ये जातो. शिवाय पाऊस असतोच. पावसाचे शिंतोडे आणि धूळ रोखणारी रबरी बंदिस्ती असलेल्या लहान कॅमेऱ्यांत ‘ओएम-५’ ४१४ ग्रॅमचा आहे, पण भिंगही तसेच बंदिस्त नसेल तर पाणी कडीपाशी आत शिरते, हे खरेदीच्या वेळी कोणी फारसे सांगत नाही.

भिंग बदलण्याची सोयच नसलेला, एकाच स्थिर भिंगाचा कॅमेरा हा तिसरा मार्ग आहे आणि तो वाटतो तितका तोकडा नाही. रिकोचा २०१९ मधला ‘जीआर ३’ बॅटरीसह २५७ ग्रॅमचा आहे, शर्टाच्या खिशात जातो, त्यात एपीएस-सी आकाराची चकती आहे आणि त्याचे भिंग फुल फ्रेमच्या २८ मिलिमीटरइतके रुंद दृश्य दाखवते. फुजीफिल्मचा ‘एक्स१०० सहा’ ५२१ ग्रॅमचा असून त्याचे दृश्य ३५ मिलिमीटरचे आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ याने १९४७-४८ मध्ये भारतात फिरताना गांधीजींचे अखेरचे दिवस टिपले ते लायका कॅमेऱ्याने, आणि आयुष्यातले बहुतेक काम त्याने एका ५० मिलिमीटरच्या भिंगावर केले. एकाच भिंगाची सवय झाली की चौकटीत काय मावेल हे कॅमेरा उचलण्याआधीच डोळ्याला कळू लागते. रिकोची उणीव निराळी आहे: त्यात व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहण्याची खिडकी नाही, आणि एप्रिलच्या दुपारी रायगडाच्या बाजारपेठेत उभे राहून मागच्या पडद्यावर काही दिसणे जवळजवळ अशक्य असते. उन्हाच्या देशात व्ह्यूफाइंडरला चैनीची वस्तू समजू नये.

मोबाइल पुरे नाही का, हा प्रश्न रास्त आहे. भरपूर उजेडात, रुंद दृश्यासाठी आणि त्याच दिवशी घरच्यांना पाठवण्यासाठी तो पुरतो; मोबाइल एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती गणिताने एकत्र करतो आणि लहान चकतीची उणीव बरीच भरून काढतो. मंद उजेडात हलणारे माणूस आणि दूरचा पक्षी या दोन ठिकाणी हे गणित कमी पडते. ज्यांना या दोन्हींत रस नाही त्यांनी वेगळा कॅमेरा घेण्याची निकड नाही.

लहान मिररलेस कॅमेऱ्याची बॅटरी डीएसएलआरपेक्षा लवकर संपते, म्हणून किमान एक जादा बॅटरी धरूनच वजन करावे; सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात सामानखान्यात देता येत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत भिंगाच्या आत बुरशीचे पांढरे तंतू पसरतात, आणि एकदा ती काचेच्या लेपात शिरली की साफ करूनही डाग राहतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलेला छोटा संच यातून सहज वाचतो, आणि तो डबा स्वयंपाकघरातल्या मोठ्या डब्याएवढा पुरतो, हाही लहान सामानाचा एक लाभ.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. पहिली, मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी जाऊन कॅमेरा बॅटरी आणि ठरवलेल्या भिंगासह हातात घ्यावा, कारण फार लहान बॉडीला जड भिंग लावले की तोल पुढे जातो आणि मनगट दुखते, आणि हे कागदावरच्या आकड्यांवरून कळत नाही. दुसरी गोष्ट घरी बसून करता येते. सहसा डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कोणत्या नाभीय अंतरावर घेतले याची नोंद आपोआप होते, आणि संगणकावर गेल्या दोन-तीन प्रवासांतली चित्रे त्या नोंदीनुसार लावली की आपण खरोखर कोठे पाहतो हे स्वच्छ दिसते: कोणी २४ ते ३५ मिलिमीटरच्या पलीकडे क्वचितच गेलेला असतो, कोणाची आवडती चित्रे सगळी १०० च्या पुढची असतात. ज्या अंतरावर वर्षभरात दहा चित्रेही निघालेली नाहीत, त्या अंतराचे भिंग पुढच्या वेळी कपाटात ठेवून निघावे, आणि उरलेला संच कापडी पट्ट्यासकट, जादा बॅटरीसकट घरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहावा.