घरची ओढ (भाग 6) : सांबार आणि कोथिंबीर

परदेशी गेलेल्या माणसाला एक सवलत असते. तिथलं काही त्याला कळलं नाही तर कुणाला नवल वाटत नाही. नागपूरहून पुण्याला आलेल्याला ही सवलत नाही. राज्य तेच, भाषा तीच, मग अडचण कसली? गेल्या भागात आपण लांब गेलेल्यांविषयी बोललो. आज जवळ गेलेल्यांविषयी, कारण हा धक्का मला जास्त फसवा वाटतो.

शिकायला पुण्यात आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी भाजीवाल्या मावशींकडे पाच रुपयांचा सांबार मागितला. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर; सांबारवडी होते तीही तिचीच. मावशी म्हणाल्या, "सांबार हॉटेलात मिळेल बाळा, इडली घेतलीस की." शेजारचे दोघं हसले, मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी मी भाजी नुसती बोट दाखवून घेतली. आलू म्हणायचं की बटाटा, हे मनात ठरवून मग तोंड उघडायचो. 'काय करून राहिली?' हा आईला रोज विचारायचा प्रश्न. तोही फोनवर हळू आवाजात विचारू लागलो, खोलीतल्या मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून.

कल्चर शॉक म्हणतात तो असा बारीकसारीक गोष्टींत बसतो. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं 1954 साली रिओ दि जानेरोतल्या एका व्याख्यानात तो समजावून सांगितला. रोजच्या वागण्यातल्या असंख्य खुणा आपण विचार न करता ओळखत असतो: हात कधी मिळवायचा, बक्षिशी कधी द्यायची, समोरचा बोलतोय ते खरं की थट्टेनं. मुलूख बदलला की त्या खुणा चालेनाशा होतात. चांगला जाणता माणूस दुकानात लहान पोरासारखा अडखळतो, आणि संध्याकाळपर्यंत काही न करताच दमून जातो.

ओबर्ग यांनी टप्पेही सांगितले. आधी नवलाई, मग कुरकुर. कुरकुरीच्या दिवसांत माणूस आपल्या मुलखातली माणसं गोळा करून इथल्यांना नावं ठेवतो. (आमच्या खोलीवर रविवारी रात्री हाच कार्यक्रम. पोह्यांवर तर्री नाही, एवढ्या विषयावर तास जायचा.) आपल्या फजितीवर आपल्यालाच हसू येऊ लागलं, की गाडी रुळावर येतेय असं समजायचं. मात्र हा क्रम सगळ्यांना लागू पडत नाही. नवख्यांच्या मनःस्थितीचा पुढे वेळोवेळी मागोवा घेतला गेला, तेव्हा अनेकांना सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच झालेला दिसला. मला हे पटतं. माझी नवलाई स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत टिकली होती.

घरची ओढ मात्र वेगळी. ती चांगलं चाललेलं असतानाही गाठते, आणि बरेचदा पंचांग बघून येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल घेऊन हिंडतात. पुण्यात तो कामाचा वार. सण बुडाल्याचं दुःख सांगावं, तर आधी सण काय ते समजावून सांगावं लागतं. तेवढ्यात दुःख विरूनही जातं म्हणा.

नॉस्टॅल्जिया हा शब्द आज आपण जुन्या गाण्यांसाठी वापरतो. तो जन्मला आजाराचं नाव म्हणून. 1688 साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं बाझलला प्रबंध लिहिला आणि ग्रीक भाषेतले 'घरी परतणं' आणि 'वेदना' असे दोन शब्द जोडून हे नाव घडवलं. त्यानं वर्णन केलेला एक रुग्ण बर्नहून बाझलला शिकायला आलेला तरुण होता. ताप, धडधड, प्रकृती इतकी ढासळली की लोक त्याच्यासाठी प्रार्थना करू लागले. घरी न्यायची तयारी सुरू झाल्याचं कळताच त्याला तरतरी आली, आणि बर्न यायच्या आतच तो बरा झाला. बाझल ते बर्न आजच्या रस्त्यानं जेमतेम 100 किलोमीटर. भाषा दोन्हीकडे जर्मनच. पुणे-नागपूर अंतर त्याच्या सातपट आहे, हे मी आमच्या रविवारच्या बैठकीत अभिमानानं सांगितलं होतं.

दिवाळीत घरी गेलो. आई सांबारवडीच्या तयारीला लागली होती.

"कोथिंबीर निवडू का?" मी विचारलं.

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "काय म्हन्लं तू?"