वायसरची कड

नटाखाली घालतात तो लोखंडी वायसर हातात घ्या. जुना, गंजलेला नको. हार्डवेअरच्या दुकानातून कोरा आणा. त्याच्या बाहेरच्या कडेवरून, वरून खाली, नख फिरवा. वरची कोर किंचित गोलसर लागते. तिच्याखाली एक चकचकीत पट्टा असतो, पॉलिश केल्यासारखा. मग चमक एकदम संपते आणि राखाडी, खरखरीत भाग सुरू होतो. तो खालच्या कोरीपर्यंत जातो आणि तिथे नखाला अडते ती बारीक धार. कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. जेमतेम दोन मिलिमीटरची कड, तिच्यावर चार वेगवेगळे पट्टे, आणि चारही प्रेसच्या एकाच ठोक्यात उमटलेले.

यातला चकचकीत पट्टा तेवढा कापला गेला. खरखरीत भाग मोडला.

प्रेस मशिनवर काम करणाऱ्याला हे कुणी सांगावं लागत नाही. बाकीच्यांना मात्र ऐकून नवल वाटतं. खामगाव, मलकापूर, चिखलीच्या एमआयडीसीत किंवा बुलढाण्यातली कितीतरी पोरं जिथे कामाला जातात त्या वाळूज आणि चाकणला, पॉवर प्रेससमोर दिवसभर बसणाऱ्या माणसाच्या हाताखालून हजारो वेळा हीच घटना घडत असते. खाली डाय, म्हणजे भोक असलेला कडक पोलादी ठोकळा. वर पंच, त्या भोकात जेमतेम जाईल असा. मध्ये पत्रा. पंच खाली येतो, पत्र्यावर टेकतो आणि पत्रा आधी थोडा वाकतो. ती गोलसर कोर इथे तयार होते. मग पंचाची धार आत शिरते आणि डायच्या भिंतीला घासून पट्टा चकाकतो. मऊ पोलादात पंच जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत किंवा फार तर निम्म्यापर्यंत गेला, की धातूचा धीर सुटतो. वरच्या धारेपासून एक तडा निघतो, खालच्या धारेपासून दुसरा. दोन्ही तडे पत्र्याच्या पोटात एकमेकांना भेटतात आणि तुकडा सुटतो. पंच अजून अर्ध्या वाटेवर असतो आणि काम झालेलं असतं!

हे दोन तडे नेमके भेटावेत म्हणून पंच आणि डायमध्ये मुद्दाम फट ठेवतात. दोन मिलिमीटरच्या साध्या पत्र्याला प्रत्येक बाजूला साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर. फट कमी पडली तर तडे एकमेकांना चुकवून जातात, मधला धातू पुन्हा कापावा लागतो आणि कडेवर एकाऐवजी दोन चकचकीत पट्टे दिसतात. फट जास्त झाली तर कोर जास्त गोल होते आणि बर वाढते. एकाच बाजूला बर जाड दिसली, तर डाय सरकली आहे. सगळीकडे हळूहळू वाढत चालली, तर धार गेली. डाय उतरवून ग्राइंडिंगला द्यायची वेळ झाली. जाणता ऑपरेटर पहिला पीस उचलतो, उजेडाकडे धरतो, कडेवर अंगठा फिरवतो आणि मगच पुढचा लॉट काढतो. त्या अर्ध्या मिनिटात तो काय वाचतो, ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाला कळतही नाही.

आता जोराचा हिशोब बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. साधं पोलाद तोडायला दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३५ किलो जोर लागतो. १०० मिलिमीटर व्यासाची गोल चकती काढायची तर तिचा परीघ ३१४ मिलिमीटर. जाडी दोन. म्हणजे ६२८ चौरस मिलिमीटरची कड एकदम तोडायची आणि त्याला जोर लागणार जवळपास २२ टन. दोन एसटी गाड्यांच्या वजनाच्या आसपासचा आकडा. पण हा जोर किती अंतरभर लावायचा? मिलिमीटरभर. जोर गुणिले अंतर केलं, तर जी ऊर्जा निघते ती २२ किलोचं बोचकं मीटरभर उचलायला लागते तेवढी. म्हणून ५० टनी प्रेसला पाच हॉर्सपॉवरची मोटर पुरते. शेतातल्या विहिरीवर असते तशीच मोटर! ऊर्जा कधी कमी पडतच नाही. प्रश्न असतो ती एका टोकावर, एका क्षणात गोळा करण्याचा. ते काम प्रेसच्या बाजूचं जड चाक, फ्लायव्हील, करतं. ते मोटरकडून निवांत ऊर्जा घेऊन फिरत राहतं आणि ठोक्याच्या वेळी झटक्यात देऊन टाकतं. शिवाय चाकाचं फिरणं पंचाच्या वर-खाली चालीत बदलणारी क्रँक तळाशी येते तेव्हा पंचाची चाल अगदी मंदावते, आणि चाल जितकी मंद तितका जोर मोठा. चाकात साठवण आणि क्रँकमध्ये गुणाकार, एवढंच यंत्र आहे.

आणि तो ‘ठक्’ आवाज? पंच पत्र्यावर आपटल्याचा, असं वाटतं. त्याचा मोठा भाग वेगळ्याच ठिकाणाहून येतो. प्रेसचं बीडाचं धूड, तो उलटा ‘सी’, २२ टनांखाली जबडा उघडावा तसा केसभर ताणलेला असतो. पत्रा तुटला की जोर एकदम नाहीसा होतो आणि ते अख्खं बीड सुटलेल्या धनुष्यासारखं मागे येतं. आपण ऐकतो ते हे. त्यामुळे पत्र्याचा माल बदलला, जाडी थोडी वाढली किंवा पंच बोथट झाला, की आवाज बदलतो. जुने ऑपरेटर मशिनकडे पाठ करून चहा पीत असतानाही ‘अरे, थांबव’ म्हणतात, ते याच कारणाने.

दाबाखाली वस्तू कशी वागते, याचे नमुने शोधायला बुलढाणा जिल्ह्याबाहेर जावंच लागत नाही. पहिला नमुना कापूस. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला तो त्यासाठीच; जलंब-खामगाव ही तेराएक किलोमीटरची रेल्वे त्याच साली सुरू झाली. जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईवर प्रचंड दाब देऊन १७० किलोची गाठ बांधतात. पण दाब काढला की रुई लगेच फुगू पाहते, म्हणून पट्ट्या आवळाव्या लागतात. पत्र्याचीही तीच खोड आहे, फक्त थोडी. नव्वद अंशांत वाकवलेली पट्टी डायमधून बाहेर आली की एक-दोन अंश उघडते. म्हणून डाय अठ्ठ्याऐंशीची करतात.

खामगावला आज ओळखतात ते चांदीसाठी, रजतनगरी म्हणून. चांदी तर आणखी तऱ्हेवाईक. तिला ठशाखाली दाबली की ती तुटत नाही. वाहते आणि ठशाच्या बारीक रेषांमध्ये जाऊन बसते. पण प्रत्येक दाबाबरोबर तिच्या आतली स्फटिकांची रचना गुंतत जाते आणि ती कडक होते. आणखी दाबली तर चिरते. मग कारागीर तिला काळपट लाल होईपर्यंत तावतो. ९६१ अंशांना चांदी वितळते. त्याच्या बरंच अलीकडे, सहाशे अंशांच्या आसपास, आतली रचना नव्याने जुळते आणि चांदी पुन्हा मऊ. रंगावरून हे ओळखायचं असतं, म्हणून ही भट्टी शक्यतो अंधाऱ्या कोपऱ्यात.

आणि लोणार तर जिल्ह्यातच आहे. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर उल्केच्या आघातानं झालं, हे १९७३ साली ‘सायन्स’ साप्ताहिकातल्या शोधनिबंधाने पक्कं केलं. त्यातल्या पुराव्यांपैकी एक होता मास्केलिनाइट. काळ्या पाषाणातल्या फेल्डस्पार स्फटिकाची, आघाताच्या दाबानेच झालेली काच. त्यासाठी वातावरणाच्या काही लाख पट दाब लागतो. आपला पत्रा साडेतीन हजार पटींतच हार मानतो. पाषाण इथे मोडलाही आणि वितळलाही, पण हा एक स्फटिक जागच्या जागी आपला क्रम विसरून काच झाला. प्रेस शॉपच्या माणसाने लोणार बघायला जावं ते यासाठी. देवळं बघून झाल्यावर.

धातू आणि पाषाण झाले; प्लॅस्टिकचं तंत्र निराळं. त्यात लांबलचक साखळ्यांचे रेणू एकमेकांत गुंतलेले. दाबले की ते सरकतात, ताणले जातात, काही काळाने मागे येतात. म्हणून पंच आणि डायमधली फट धातूपेक्षा बरीच कमी ठेवावी लागते, नाहीतर कड कापली न जाता ओढली जाते आणि तंतू लोंबतात. हवामानही मध्ये येतं. पीव्हीसीचा जो पत्रा मे महिन्यात निमूट कापला जातो, तो डिसेंबरच्या सकाळी कडेला तडकू शकतो. मात्र हीच लवचिकता कधी उपयोगी पडते. ठिबकच्या लॅटरलला शेतकरी हातपंचाने भोक पाडतो, ते ड्रीपरच्या काट्यापेक्षा मुद्दाम लहान. ड्रीपर दाबून बसवला की नळी त्याला आवळून धरते आणि पाणी गळत नाही. तेच भोक ड्रिलने पाडलं, तर कडेला कुसळं राहतात आणि तिथून थेंब सुटतो. आता हा शेतकरी स्वतःला प्रेस ऑपरेटर म्हणवून घेणार नाही, पण एका हाताने तो तेच काम करत असतो.

या सगळ्या शास्त्राची एक काळी बाजू आहे, आणि ती बोटांवर येते. पुष्कळशा जुन्या प्रेसना चावीचा क्लच असतो. पायडल दाबलं की चावी फ्लायव्हीलला अडकते आणि मग क्रँकचा पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही. मध्ये थांबवण्याची सोयच नाही. हात राहिला आत, दिसला, ओरडलात, तरी ठोका पडणारच. चावी किंवा तिची स्प्रिंग तुटली तर पायडल न दाबता दुसरा ठोकाही पडतो. ‘मशिन डबल मारतंय’ हे वाक्य ऐकलं की शेडमधली माणसं हात मागे घेतात. नव्या प्रेसना हवेचा फ्रिक्शन क्लच असतो आणि तो मधेच सोडवता येतो. त्यामुळेच समोर प्रकाशकिरणांचा पडदा लावणं शक्य होतं. किरण तुटला की क्लच सुटून ब्रेक लागतो. पडदा किती लांब बसवायचा, हे माणसाच्या हातावरून ठरतं. मानकात हाताचा वेग सेकंदाला दोन मीटर धरतात. प्रेस थांबायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागत असेल, तर पडदा डायपासून किमान ४० सेंटीमीटर दूर हवा. चावीच्या क्लचवर हाच पडदा लावला तर तो नुसता दिवा. तिथे जाळी, चिमटा आणि दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं यांच्याशिवाय उपाय नाही, आणि प्रॉडक्शनच्या नावाखाली त्यातलं एखादं बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवणाऱ्या सुपरवायझरला मी तरी कुशल म्हणणार नाही.

तेव्हा आयटीआय करून कुणी पहिल्यांदा प्रेस शॉपमध्ये रुजू होत असेल, तर पगार, शिफ्ट, कँटीन हे विचारून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा: या मशिनला क्लच कोणता आहे?