सोपाऱ्याचा स्तूप आणि संदर्भाची शिस्त

आपल्या गावाचा इतिहास, लोकजीवन, पाणी यांसारख्या विषयांवर शिक्षक व पंचायत सदस्यही अभ्यासपूर्ण लेखन करतात, ही समाधानाची बाब होय. मात्र शोधनिबंधात कोणत्या विधानास संदर्भ जोडावा आणि कोणते विधान त्यावाचून करावे, याविषयी पुष्कळदा संभ्रम आढळतो. या दृष्टीने वसई तालुक्यातील नालासोपारा येथील स्तूपाचे उदाहरण उद्बोधक आहे.

सोपारा हे प्राचीन बंदर होते किंवा मराठ्यांनी १७३९ साली वसईचा किल्ला जिंकला, ही माहिती सर्वमान्य आहे. तिला संदर्भ नसला तरी चालते. परंतु ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उकरला आणि त्यात दगडी करंडक, मैत्रेयासह बुद्धांच्या आठ धातुमूर्ती व यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे सापडले, असे लिहिताना त्यांच्या निबंधाचा निर्देश केलाच पाहिजे. तो शोध त्यांच्या परिश्रमाचे फळ आहे.

यापुढील पायरी अनुमानाची. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे आहे. मूर्ती मात्र उत्तरकालीन अभ्यासकांनी आठव्या-नवव्या शतकांतील मानल्या आहेत. साहजिकच स्तूपाच्या काळाविषयीचे विधान हे मत ठरते. ते कोणाचे व कोणत्या पुराव्यावर आधारलेले, हे न सांगितल्यास वाचकास त्याचा पडताळा घेता येत नाही.

सारांश, दुसऱ्याचे शब्द, आकडे, शोध, मते व वादग्रस्त विधाने यांना संदर्भ आवश्यक आहे. शब्द बदलल्याने किंवा भाषांतर केल्याने ही जबाबदारी टळत नाही. मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्या पुस्तकातून माहिती घेतली असेल, तर त्या पुस्तकाचेच नाव द्यावे. गावातील वृद्धांनी सांगितलेली हकिकत त्यांच्या संमतीने, स्थळ व दिनांकासह नोंदवावी. स्वतः केलेल्या पाहणीस ग्रंथाधार नको; ती केव्हा व कशी केली, एवढे सांगणे पुरे.

शाळेच्या स्मरणिकेतील निराधार वाक्य उद्या माहितीफलकावर किंवा संवर्धनाच्या प्रस्तावात उतरू शकते. आधार नोंदलेला असेल, तर चूक शोधता येते आणि सुधारताही येते.