टाकीतले जिताडे

पेणच्या खारेपाटात आमच्या काकांचं तळं आहे. पावसाळ्यात त्यात जिताड्याचं बी सोडायचं आणि पुढे तळ्यातली चिलापी खाऊन जिताडा वाढायचा, असा त्यांचा जुना हिशेब. हे बी पूर्वी फक्त खाडीतून यायचं. १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव संस्थेने बंदिस्त जागेत त्याचं प्रजनन साधलं, तेव्हापासून ते हॅचरीतूनही मिळू लागलं.

यंदा मार्गशीर्षात तळ्याच्या उघाडीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराची, फळी कुजलेली निघाली. पाणी उपसणं भाग होतं. मोठे जिताडे बाजारात गेले, वीतभर लांबीचे सहा उरले. ते मी रोह्याच्या घरी नेतो म्हटलं.

सहाही जवळपास सारख्या मापाचे निवडले, कारण जिताडा आपल्या निम्म्याहून लांब भावंडालाही गिळतो. पिंपात तळ्याचंच पाणी आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन टेम्पो नागोठण्यावरून निघाला. पडवीमागच्या खोलीत पाचशे लिटरची टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं. पिंपात टाकीचं पाणी तांब्यातांब्याने मिसळत तासाभराने मासे सोडले.

कोकणातली थंडी ती काय, असं वाटतं. पण कुंडलिकेकाठी पहाटे बोचरा गारवा असतो आणि दुपारी पंखा लावावा लागतो. तळ्याच्या तळाशी हा फरक फारसा पोचत नाही. टाकीत तो दोन्ही वेळा पोचतो. जिताड्याला सव्वीस ते तीस अंश मानवतं. विसाच्या आसपास तो तळाशी सुस्त पडून राहतो आणि खाणं टाकतो. माझ्या टाकीत पहिल्या पहाटे एकवीस होतं.

हे ठाऊक असूनही मी चुकलो. मासे उपाशी आहेत म्हणून बारीक कोलंबी टाकत राहिलो. ती तळाशी कुजली. चौथ्या सकाळी पाच मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकत होते आणि एक उलटा तरंगत होता. थेंब टाकून तपासायच्या संचात अमोनियाचा रंग गडद हिरवा आला.

काकांना फोन केला. ते म्हणाले, “भूक त्याला नाय, तुला हाय.”

खाणं बंद केलं. चौथा हिस्सा पाणी बदललं. नवं पाणी आधी आत आणून टाकीइतकं कोमट होऊ दिलं. अमोनिया पचवणारे जीवाणू नव्या टाकीत स्थिरावायला महिना-दीड महिना लागतो, थंडीत त्याहूनही जास्त. म्हणून काकांनी तळ्यातल्या जुन्या जाळीचे शेवाळलेले तुकडे पाठवले आणि ते मी फिल्टरच्या स्पंजाशेजारी कोंबले. जीवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि तेही माशाच्या रक्ताला घातक. त्यावर उतारा मिठाचा: लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे टाकीला एक किलो खडे मीठ, दोन दिवसांत थोडं थोडं विरघळवून. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. खाडीच्या माशाला एवढ्या खारटपणाचं काहीच वाटत नाही.

हीटर घेतला तो आपोआप बंद-चालू होणारा. तापमान एकदम न चढवता दिवसाला एक अंशाने सव्वीसवर आणलं. टाकीला बाहेरून थर्माकोल बांधला, वर जाळी घातली, कारण जिताडा उडी मारतो. वीज गेली की पंप बॅटरीवर. पौष संपता संपता पाचांपैकी एकाने कोलंबी हवेतच झेलावी तशी पाण्यात झेलली. त्या दिवसापासून रोज एकदाच, पाच मिनिटांत संपेल एवढंच खाणं.

होळीनंतर पाचही जिताडे पिंपात घालून पेणला आणले. उघाडीला नवी फळी बसली होती, तळं पुन्हा भरलं होतं. मी थर्मामीटर बांधाच्या कडेला बुडवून वाचत होतो: अठ्ठावीस. शेजारी काकांनी लुंगी वर खोचली, गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात घातला, क्षणभर उभे राहिले.

“सोर आता.”