शेड राखली, वाटही राखली

मंगो, न्यू साउथ वेल्स : स्टेशन म्हटलं की बिरवाडीकराला वीर नाहीतर माणगाव आठवेल. ऑस्ट्रेलियात मात्र स्टेशन म्हणजे हजारो एकरांचं मेंढ्यांचं रान आणि त्यातली मालकाची वस्ती. गोल गोल हे असंच एक अवाढव्य स्टेशन. १९२२ मध्ये त्याचे तुकडे पाडून ते महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना वाटले. त्यातला मंगो हा तुकडा १९७९ पासून राष्ट्रीय उद्यानात आहे. लोकर कातरणाऱ्यांच्या जुन्या खोल्यांत आता पर्यटक पैसे मोजून रात्र काढतात, सामाईक स्वयंपाकघरात आपलं आपण शिजवून घेतात. शेजारी १८६९ची शेड उभी आहे. सायप्रस पाइनचे ओंडके खांबांच्या खाचांत सरकवून भिंती रचलेल्या. बांधणारे चिनी मजूर असावेत, असं मानतात.

हे पाहून आपल्याकडेही कुणाला 'धनगरवाड्यावर एक रात्र' सुचेल. माझ्या मते ही नक्कल चुकीची ठरेल. इथला मेंढीवाला इमारत बांधून राहिला, आपला मेंढपाळ बिऱ्हाड घोड्यावर लादून चालत राहिला. भाताची कापणी उरकली की देशावरचे कळप घाट उतरून कोकणात येतात, रिकाम्या खाचरात वाघर लावून मेंढ्या बसवतात, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. यात जपण्याजोगी भिंत कुठे आहे? जपायची ती वाट. आणि घेण्यासारखी गोष्ट याच न्यू साउथ वेल्समध्ये आहे, फक्त पर्यटकांच्या माहितीपत्रकात ती ठळक दिसत नाही. कळप चालवत नेण्यासाठी इथे सरकारी मालकीचे रुंद पट्टे राखलेले आहेत. परवाना काढायचा, पुढे सरकत राहायचं, वाटेतलं गवत चारायचं. ट्रकने जनावरं नेण्याच्या काळातही दुष्काळ पडला की हेच पट्टे कामी येतात.

कुणी म्हणेल, ज्यांचा लिखित इतिहास सव्वादोनशे वर्षांचा, ते शेडसुद्धा जपणारच. पण मंगोचा इतिहास तेवढाच नाही. इथल्या कोरड्या तळ्याकाठी १९६८ आणि १९७४ मध्ये सापडलेले मानवी अवशेष सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीचे आहेत, आणि ते उघडे पडायला मेंढ्यांच्या खुरांनी व सशांनी उजाड केलेल्या जमिनीची धूपही कारण ठरली. ही स्टेशनं मूळ रहिवाशांच्या भूमीवर उभी राहिली, हा आक्षेप खरा आहे. गुरांचे पट्टेही त्याच भूमीवर आखले गेले. म्हणून शेडचं कौतुक जपूनच करावं. पट्ट्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्यांचं काम अजून संपलेलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार : ऑस्ट्रेलियात माणसं विरळ, आपल्याकडे वरंधा घाट उतरून बिरवाडीला यावं तर रस्ता, कारखाने, घरं. रुंद पट्टा आणायचा कुठून? पट्टा नकोच. घाटातल्या जुन्या पायवाटा, पाणवठे आणि मुक्कामाच्या जागा नोंदवल्या तरी कळपाला ट्रकांच्या मधून चालावं लागणार नाही. कायदा अगदीच मुका नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी वापराचा हक्क मान्य आहे. पिढ्यानपिढ्यांचा पुरावा मागणाऱ्या अटी जाचक आहेत खऱ्या, पण त्याच्या नियमांत असंही आहे की अशा दाव्यांची पडताळणी ती माणसं हजर असताना करावी. कोकणात ती दिवाळीनंतर भेटतात. पावसाळ्यात बैठक लावून उपयोग नाही.