इंजिन बिघडलं, तर बोट थांबते का?

छावणीतून मी बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लिहून काढलाय.

आपल्याकडे पाणी म्हणजे खाम नदी, नाहीतर थेट पैठणचा नाथसागर. मग आज स्पीडबोटीच्या इंजिनावर का बोलायचं? कारण एक व्हिडिओ. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो मोबाईलवर पाहिलाच असेल.

18 डिसेंबर 2024, दुपारी चारच्या सुमारास. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला, म्हणजे एलिफंटाला, निघालेली ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट. समोर नौदलाची एक छोटी, वेगवान बोट पाण्यात वळणं घेत होती. एक प्रवासी ते शूट करत होता. बघता बघता ती बोट वळली आणि सरळ येऊन धडकली. दोन्ही बोटींवरचे मिळून 15 जण गेले. इंजिनाची चाचणी सुरू होती आणि इंजिनातल्या बिघाडामुळे नियंत्रण सुटलं, असं नौदलाने त्याच दिवशी जाहीर केलं.

तेव्हा इथल्या एका गॅरेजवर आम्ही सगळे बाइकवाले तो व्हिडिओ बघत होतो. एकाने विचारलं, “इंजिनच बिघडलं ना? मग बोट थांबायला पाहिजे. धडकली कशी?”

प्रश्न एकदम बरोबर आहे. उत्तर समजून घेऊ.

बाइकचा ॲक्सिलरेटर अडकला तर आपण काय करतो? क्लच दाबतो, ब्रेक मारतो. चाकाखाली रस्ता आहे, रस्त्याला घर्षण आहे. हँडल वेगळं, ब्रेक वेगळा, इंजिन वेगळं. एक गेलं तरी दोन उरतात.

बोटीला ब्रेकच नसतो. वेग कमी करायचा तर पंख्याची ताकद कमी करायची, नाहीतर तो उलटा फिरवायचा. आणि बऱ्याच स्पीडबोटींमध्ये वळणंसुद्धा इंजिनावरच चालतं. मागे बाहेर लावलेलं इंजिन असेल, तर अख्खं इंजिनच डावी-उजवीकडे फिरतं आणि पंख्याचा जोर बोटीला वळवतो. जेट-स्की मागे पाण्याचा फवारा मारते आणि त्या फवाऱ्याची दिशा बदलून वळते. म्हणून जेट-स्कीवर नवखा माणूस हमखास एक चूक करतो. समोर काही दिसलं की घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो. फवारा बंद, वळणं बंद, आणि तो सरळ जाऊन आदळतो.

थोडक्यात, वेगवान बोटीत इंजिन म्हणजेच ब्रेक आणि इंजिन म्हणजेच हँडल. इंजिन बंद पडलं तर बोट आहे त्या दिशेने घसरत जाते. इंजिन फुल रेसवर अडकलं तर आणखी वाईट. 30 नॉट म्हणजे ताशी साधारण 55 किलोमीटर. आकडा छोटा वाटतो, पण वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे विसरू नका.

आता, ही इंजिनं बिघडतात कशी?

पहिलं, सततचा ताण. कार एकदा वेगात आली की इंजिनाला आराम मिळतो. बोटीला पाणी कायम मागे ओढतं. समजा, तुम्ही कन्नडचा घाट फुल रेसवर चढताय आणि घाट संपतच नाही. बोटीच्या इंजिनाचं तसं असतं.

दुसरं, गरम होणं. बऱ्याच बोटींचं इंजिन बाहेरचंच पाणी आत ओढून थंड ठेवतात. त्या तोंडावर एक प्लास्टिकची पिशवी अडकली की काही मिनिटांत इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं, पिस्टन जाम.

तिसरं, लाटेवरची उडी. बोट उडाली की पंखा हवेत येतो, भार नाहीसा होतो आणि इंजिनाचे फेरे एकदम वाढतात. पुढच्या क्षणी पंखा पुन्हा पाण्यात आपटतो आणि गिअर-शाफ्टला झटका बसतो. वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा असते, पण हे तासन्‌तास चाललं की धातू थकतो.

चौथं, सिलिंडरमध्ये पाणी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. पावसात पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका असं मेकॅनिक सांगतो, ते यासाठीच.

यावर एक स्वस्त उपाय आहे. ‘किल कॉर्ड’, म्हणजे एक दोरी. एक टोक चालकाच्या पायाला किंवा कमरेला, दुसरं इंजिनाच्या स्विचला. चालक फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद. मे 2013 मध्ये इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळ एक कुटुंब स्पीडबोटीतून बाहेर फेकलं गेलं. दोरी बांधलेली नव्हती. रिकामी बोट गोल फिरत परत आली आणि त्यांच्याच अंगावर गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांपेक्षा लहान बोटींच्या चालकांना असा स्विच वापरणं कायद्याने बंधनकारक आहे.

इंजिन आपल्या हातात नाही, पण काही गोष्टी आहेत. ‘नीलकमल’ला 84 प्रवासी आणि 6 कर्मचाऱ्यांची परवानगी होती, बोटीत शंभराहून जास्त माणसं होती. लाइफ जॅकेट घातलेलं नव्हतं, असं वाचलेल्या अनेकांनी सांगितलं. अपघातानंतर गेटवेवर जॅकेट सक्तीचं झालं.

सुट्टीत तुम्ही तारकर्लीला जाल, अलिबागला जाल. तेव्हा बोटीत पाय ठेवण्याआधी जॅकेट घाला, पट्टे आवळा. बोट जास्त भरलेली वाटली तर पुढची पकडा. जेट-स्कीवर बसलात तर दोरी मनगटाला किंवा जॅकेटला लावून मागा. फोटोत जॅकेट चांगलं दिसत नाही म्हणून काढू नका, राव. समोरच्या बोटीचं इंजिन कधी बिघडेल, हे ती बोट आधी सांगत नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!