पगाराच्या स्लिपवरची एक ओळ आणि आपल्या गावचा कामगार



आज एक छोटं काम करा. आपली पगाराची स्लिप काढा. आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा यांच्या रांगेत 'पीव्ही' अशी एक ओळ सापडेल. हा प्फ्लेगे विमा, म्हणजे म्हातारपणी, आजारपणात किंवा अपंगत्वात रोजच्या देखभालीसाठीचा विमा. पगाराच्या ३.६ टक्के, निम्मे आपले, निम्मे कंपनीचे. तेविशी उलटली आणि मूल नसेल तर आपला वाटा ०.६ टक्क्यांनी वाढतो. पंचविशीच्या आतली दोन किंवा जास्त मुलं असतील तर थोडा कमी होतो.

बारा वर्षं मी ही ओळ न वाचताच स्लिप फाईलला लावत होतो. नऊ वर्षांच्या मुलासाठी गरज पडली तेव्हा वाचली. आणि मग कळलं की तिचा धागा आपल्याच गावात येतो.

नॉर्बर्ट ब्ल्यूम यांचा जन्म १९३५ साली र्युसेल्सहाइममध्ये झाला. चौदाव्या वर्षी ते इथल्या ओपेलच्या कारखान्यात टूलमेकरचं काम शिकायला लागले. पुढे शिकले, राजकारणात गेले आणि १९८२ ते १९९८ अशी सोळा वर्षं जर्मनीचे कामगारमंत्री होते.

तेव्हा परिस्थिती अशी होती की वृद्धाश्रमात गेलेल्या माणसाची आयुष्यभराची शिल्लक संपायची आणि मग सरकारी मदतीसाठी हात पसरावा लागायचा. जन्मभर राबलेल्या माणसावर शेवटी ही वेळ का यावी, हा प्रश्न १९७४ पासून चर्चेत होता. उद्योजकांचा विरोध होता, सरकारातल्या मित्रपक्षाचाही होता. ब्ल्यूम यांनी तो रेटून नेला आणि १९९४ मध्ये कायदा झाला. कंपन्यांच्या खर्चाची भरपाई म्हणून नोव्हेंबरमधली एक सुट्टी, बूस-उंड-बेटटाग, सॅक्सनी सोडून सगळीकडे रद्द झाली. म्हणजे त्या बुधवारी आपण ऑफिसला जातो, ते या विम्यापायी!

पण कायदा झाला म्हणजे न्याय झाला, असं नाही. सुरुवातीला मदत मिनिटांवर ठरायची. आंघोळ, जेवण, कपडे, हालचाल यांना रोज किती मिनिटं लागतात ते मोजायचे. आता स्मृतिभ्रंश झालेल्या आजी घ्या. घास स्वतः घेतात, पण समोर कुणी बसलं नाही तर जेवायचंच विसरतात. रात्री दार उघडून बाहेर पडतात. त्यांच्यावर चोवीस तास लक्ष ठेवावं लागतं, पण ते मिनिटांच्या हिशेबात नीट बसत नव्हतं. रुग्णांची कुटुंबं आणि सामाजिक संघटना वर्षानुवर्षं यावर बोलत राहिल्या, तेव्हा १ जानेवारी २०१७ पासून पद्धत बदलली. आता प्रश्न असा विचारतात: हा माणूस कोणत्या गोष्टी स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय करू शकतो? त्याचे गुण होतात आणि गुणांवरून १ ते ५ अशी श्रेणी ठरते. २७ गुणांपासून श्रेणी २, ४७.५ पासून श्रेणी ३. मुलांची तुलना त्यांच्याच वयाच्या मुलांशी होते.

आमच्या घरी तपासणीसाठी बाई येणार होत्या, त्या दिवशी आम्ही काय केलं? घर आवरलं. मुलाला छान कपडे घातले. चहा-चिवडा मांडला. बाईंनी विचारलं, "तो स्वतः कपडे घालतो का?" मी म्हटलं, "हो, हो, जमतं." रोज सकाळचा पाऊण तास, ती रडारड, शर्टाच्या लेबलवरून होणारा आकांत, यातलं काही सांगितलं नाही. पाहुण्यांसमोर घरातलं रडगाणं गायचं नाही, हे आपल्या हाडीमांसी खिळलेलं! निकाल आला: २४ गुण, श्रेणी १. या श्रेणीत महिन्याला १३१ युरोंपर्यंत ठराविक सेवांचा खर्च परत मिळतो, रोख भत्ता मिळत नाही.

पत्नी म्हणाली, "त्यांनी चूक केली नाही. आपण खोटं बोललो." ते मला लागलं, कारण खरं होतं.

मग आम्ही एक महिन्याच्या मुदतीत हरकत नोंदवली. जर्मनमध्ये विडरश्प्रुख. तीन आठवडे वही ठेवली: किती वाजता, कशासाठी, किती मदत. थेरपिस्टचं पत्र जोडलं. दुसऱ्या तपासणीत जे आहे ते सांगितलं. श्रेणी ३ मिळाली, म्हणजे महिन्याला ५९९ युरो. श्रेणी २ ला ३४७, ४ ला ८०० आणि ५ ला ९९० मिळतात.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, घरात देखभाल करणाऱ्या व्यक्तीचं पेन्शन. श्रेणी २ किंवा वरची असेल, आठवड्यात किमान दोन दिवस मिळून दहा तास देखभाल होत असेल आणि नोकरी तीस तासांपेक्षा जास्त नसेल, तर तिच्या पेन्शनचा हप्ता विमा संस्था भरते. नोकरी कमी केलेल्या आपल्या कितीतरी आयांना हे माहीतच नसतं.

दोन, आई-बाबा इथे राहायला आले तरी लगेच हा लाभ मिळत नाही. गेल्या दहा वर्षांत किमान दोन वर्षांचा विमा लागतो. प्रवास विम्यात रोजची देखभाल येत नाही.

तीन, एकटे लढू नका. ग्रोस-गेराऊ जिल्ह्याच्या प्फ्लेगे सल्ला केंद्रात मोफत माहिती मिळते. फाउ-डे-का या संघटनेचे वीस लाखांहून जास्त सभासद आहेत. ती सभासदांना हरकतीत कायदेशीर मदत करते.

लढा अजून संपलेला नाही. वृद्धाश्रमात पहिल्या वर्षी स्वतःच्या खिशातून सरासरी तीन हजार युरोंच्या आसपास महिन्याला जातात, आणि पुन्हा अनेकांची शिल्लक संपते. एक बरं झालं: २०२० पासून मुलांचं वार्षिक उत्पन्न एक लाख युरोंच्या आत असेल तर आई-वडिलांच्या खर्चासाठी सरकार त्यांच्यामागे लागत नाही. वरच्या खर्चाला मर्यादा घाला, ही मागणी संघटना करत आहेत. आपणही हप्ता भरतो, मग त्या मागणीत आपला आवाज का नसावा?

२०१९ मध्ये रक्तातल्या संसर्गामुळे ब्ल्यूम यांचे हातपाय लुळे पडले आणि ते व्हीलचेअरवर आले. एप्रिल २०२० मध्ये ते गेले. ज्या देखभालीसाठी ते मंत्री असताना भांडले, तिची गरज शेवटी त्यांनाही लागली. आपल्यालाही कधीतरी लागेल. म्हणून ती ओळ वाचा, आणि कुणी विचारलं तर "सगळं ठीक आहे" म्हणू नका.

काळजी घ्या. भेटू पुढच्या कार्यक्रमात!